युस्ताच्या वाट्याचा खडक

इहांगा गावात पाटाचे वाटे पडले, त्या दिवशी युस्ताच्या वाट्याला खडक आला.

लुहाजी नदीचं पाणी वरच्या अंगाला अडवून डोंगराच्या कुशीनं पार कड्यापर्यंत न्यायचं, तिथून लोखंडी नळातून खाली सोडायचं, खाली चाक फिरायचं आणि चाकावर वीज व्हायची, असा बेत होता. नळ आणि यंत्र बाहेरून आलं होतं. पाट गावानं खणायचा होता. दर घराला एक तुकडा. ज्याचा तुकडा पुरा, त्याच्या घराला तार आणि विजेवरच्या गावगिरणीत त्याचं दळण. आणि एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही, हा नियम. नाहीतर निम्मं गाव बांबूची दारू, उलांझी, पीत सावलीत बसलं असतं आणि निम्म्यानं खणलं असतं.

न्यागावा म्हातारा पंच कमिटीचा मुख्य. त्यानं आपली टोपी पुढं केली. टोपीत काड्या होत्या. बायाबाप्यांनी एकेक काडी उचलली. युस्ताची काडी निघाली ती ओढ्याच्या वळणावरची. तिथं वीतभर मातीखाली काळा खडक होता, हे गुरं राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं.

कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या! लंगड्याच्या बायकूला डोंगराचं दात आलं."

लोक हसले. युस्ताही थोडी हसली. न हसलं तर जास्त लागतं, हे ती वर्षभरात शिकली होती.

म्हाताऱ्यानं तिला बाजूला घेतलं. "नीमाची आई, ऐक. तुज्या घरात गडी उठता न्हाई. ह्यो तुकडा मी पोरांच्या टोळीला देतो. तुजं नाव तारंतनं जाईल, पन गावाचा पाट अडनार न्हाई. बघ, म्होरच्या साली कायतरी करू."

"म्होरच्या साली तरी माज्या घरात गडी कुठला उठनार हाय, बाबा?"

"म्हनून तर सांगतोय."

"मी खनीन."

"आगं, ती काय बटाट्याची जमीन हाय?"

"न्हाई ना. बटाट्याची असती तर तुमी माज्याकडं आलाच नसता." ती एवढं बोलली आणि कुदळ खांद्यावर टाकून चालू लागली.  

तिला वीज दिव्यासाठी नको होती. तिला गिरणी हवी होती. पीठ दळायला दोन डोंगर ओलांडून जावं लागे. डोक्यावर मक्याचं पोतं, मान आत दबलेली. गिरणीवाल्याकडं डिझेल नसलं की तसंच पोतं घेऊन माघारी यायचं आणि उखळात कांडत बसायचं. नीमा दहाव्या वर्षात होती, आणि गेल्या हंगामापासून तिच्याही डोक्यावर छोटं पोतं चढलं होतं. पोरीची मानही आता आत दबायला लागली होती.

घरी एनोकी चुलीजवळ पाय लांब करून बसला होता. गुडघा वाकत नव्हता. पाइनच्या रानात तो करवत्या होता, पंचक्रोशीत नाव असलेला. गेल्या साली ओंडका घरंगळत आला आणि पायावरून गेला. तेव्हापासून तो अंगणाच्या पुढं गेला नव्हता. कुणी आलं की पाय खांग्याच्या रंगीत कापडाखाली झाकून घ्यायचा.

"कुठला तुकडा?" त्यानं विचारलं.

"वळनावरचा."

त्यानं चुलीत एक काटकी सारली. 

त्याची आई सेमेनी कणसं सोलत होती. म्हातारी तोंडाची फटकळ. "टोपीत हात घालताना डोळं मिटलं हुतंस का गं?"

"समद्यांनीच मिटलं हुतं, आत्या."

"मंग तूच का आंधळी निघालीस?"

दुसऱ्या दिवसापासून युस्ता खडकावर गेली. वरची माती दोन दिवसांत निघाली. खाली काळं कातळ उघडं पडलं, म्हशीच्या पाठीसारखं गुळगुळीत. तिनं घण घातला. घण उसळून मागं आला आणि खांद्यात कळ गेली. छिन्नी लावली, छिन्नीचं तोंड बसलं. दिवसभरात दोन ओंजळी खपल्या निघाल्या. तळहाताला फोड आले, फुटले, त्याखाली परत आले. संध्याकाळी मक्याच्या उकडीचा, उगालीचा गोळा मळताना गरम पिठानं हात पोळत, म्हणून ती चमच्यानं खाऊ लागली. सेमेनी ते बघे आणि बोलत नसे. म्हातारी बोलत नाही म्हणजे काही खरं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आजूबाजूचे तुकडे भराभर पुरे होत चालले. तिच्या वरून पाट आला, तिच्या खाली पाट गेला. मध्ये तेवढा तो काळा खडक. पाऊस पडायच्या आत पाणी सोडलं नाही तर उघडी माती ढासळून सगळं काम दरीत जाणार होतं. येणारे-जाणारे मोठे लोक आता हसेनात. नुसते थांबायचे, खडकाकडं बघायचे, मग तिच्याकडं बघायचे. हसणं परवडलं असतं.

किबोना नावाचा इंजिनिअर दर आठवड्याला यायचा. तरुण होता, बुटांना चिखल लागला तरी तक्रार करत नसे. तो खडकावर उकिडवा बसला.

"सुरुंगाची परवानगी मागितली होती मी. मिळेलसं दिसत नाही," तो म्हणाला. "बाई, जाळ करून बघा. खडक चांगला तापवायचा आणि एकदम गार पाणी ओतायचं. तडकतो. जुनी रीत आहे."

"म्हाईत हाय, साहेब. माज्या आज्यानं अशीच शेतातली धोंड फोडली हुती."

"मग केलं का नाही?"

"लाकूड कुठनं आनू?"

तरी तिनं केलं. पाइनच्या फांद्या, वाळका पाला, मक्याची धाटं, मिळेल ते डोक्यावर वाहून आणलं. जाळ मोठा झाला, ढगाला भिडला, आणि ती पहिली घागर आणेस्तोवर बसलाही. पाणी ओतलं. सूंऽऽ झालं. वाफ गेली. खडक होता तसाच, फक्त तोंड काळं करून बसलेला.

वरच्या तुकड्यावर बसलेल्या पोरांना तेवढंच हवं होतं.

"काकी, शिजला का?"

"मीठ घातलंस न्हवं?"

"आरं, थांबा की, झाकन ठेवलं न्हाई तिनं!"

युस्ता रिकामी घागर घेऊन उभी राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरानं, असं तिनं स्वतःला सांगितलं. शेजारीण अतुपेले तिच्या खालच्या तुकड्यावर काम करत होती. ती कमरेवर हात ठेवून पोरांवर ओरडली, "तुमच्या आयांनी तुमाला असंच अर्धं कच्चं उतरीवलंय!" पोरं पांगली. पण खडक होता तिथंच होता.

घरी आल्यावर सेमेनी एकदाची बोलली. सुनेशी नाही, लेकाशी.

"घरामागं लाकडाचा डोंगर पडलाय आन् ती पाला जाळती."

एनोकीचा चेहरा आवळला. घरामागं काळ्या बाभळीच्या ओंडक्यांची थप्पी होती. पाय जायच्या आधी त्यानं स्वतः तोडून, कापून रचलेली. शेजारीच गवतानं झाकलेल्या कच्च्या विटा होत्या. भट्टी लावायची, विटा भाजायच्या आणि मातीचं हे घर पाडून पक्कं बांधायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. पाय गेला तरी तेवढं एक ठरलेलं उरलं होतं. ती थप्पी बघत तो सकाळ काढायचा.

"आत्या, ते लाकूड घराचं हाय," युस्ता म्हणाली. "त्याला हात लावायचा न्हाई."

"मी तुला बोलतेय का? मी ज्याला बोलतेय त्यो बहिरा न्हाई झालेला. पायच गेलाय त्याचा."

एनोकी भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. जेवला नाही.

सकाळी युस्ताला जाग आली ती धाड धाड आवाजानं. ती मागच्या दारी धावली. एनोकी कुबडीवर उभा होता. एका हातानं थप्पीवरचा ओंडका ओढायचा, खाली पाडायचा, पुढचा ओढायचा. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, थंडी असून.

"काय करताय?"

"दिसत न्हाई? न्यायला सुरुवात कर."

"आन् इटा?"

"पाऊस पडला की इटांची माती हुईल. मातीच हुती, मातीत जाईल." त्यानं पुढचा ओंडका ओढला. "मी परत पाडीन. बसून पाडता येत्यात इटा."

युस्ता जवळ गेली.  तिनं एक ओंडका उचलला आणि डोक्यावर घेतला.

"आन् ऐक," तो मागून म्हणाला, "तू जाळ लावू नको. तुला लावता येत न्हाई. वर भडका उडिवतीस नुसता. मी येतो."

गावानं त्या दिवशी जे बघितलं ते पुढं कैक दिवस सांगितलं. लाकूड वाहून झाल्यावर एनोकी घराबाहेर पडला. सपाटीवर तो कुबडीनं चालला. पण पाटाची पायवाट उतरणीची, निसरडी. तिथं कुबडी चालेना. दोघा गड्यांनी खांदा देऊ केला. त्यानं नको म्हटलं. तो खाली बसला, चांगला पाय पुढं टेकवला आणि बूड घासत घासत उतरायला लागला. रांगत्या पोरासारखा. वर्षभर ज्या लोकांपासून पाय झाकला, ते सगळे वाटेच्या कडेला उभे होते. पॅन्ट फाटली. तळवे सोलले. युस्ता त्याच्या पुढं उतरत होती आणि मागं वळून बघत नव्हती. बघितलं असतं तर त्यानं शिवी दिली असती. त्या दिवशी एकही पोरगं हसलं नाही.

खडकावर बसून त्यानं जाळ रचला. भट्टी लावतात तसा: खाली बारीक, वर ओंडके आडवे-उभे, मध्ये वारं जायला बोळ. मग युस्ताला म्हणाला, "आता वरनं माती लिंप."

"इजंल की!"

"भट्टी इजती का? वर जानारी आग खाली दाब. आपल्याला आभाळ तापवायचं न्हाई."

तिनं ओली माती थापली. आग आत कोंडली. भडका नाही, धूरही थोडाच, पण जवळ उभं राहवेना. काळी बाभूळ आतल्या आत लाल होत राहिली. एनोकी हलला नाही. कुठं भेग पडली, की "हितं लिंप" म्हणायचा. सकाळ गेली, दुपार कलली. मग त्यानं मातीवर पाण्याचे चार थेंब उडवले, ते कसे उडतात बघितलं आणि म्हणाला, "आता. पन एकदम पायजे. एक एक घागर कामाची न्हाई, मागल्यासारखं हुईल. समदं पानी एका दमात."

युस्तानं ओढ्याकडं पाहिलं. एक ती आणि दोन हात.

तेवढ्यात अतुपेलेनं आपली कुदळ खाली टाकली आणि बादली उचलली. तिच्या मागं आणखी बाया उठल्या. खालच्या तुकड्यावरच्या, वरच्या तुकड्यावरच्या. ओढ्यापासून खडकापर्यंत बघता बघता ओळ लागली.

न्यागावा म्हातारा काठी टेकत आला. "थांबा, थांबा. नियम काय हाय? एकाचा तुकडा दुसऱ्यानं खनायचा न्हाई."

"कोन खनतंय, बाबा?" अतुपेले म्हणाली. "कुदळ हाय का कुनाच्या हातात?"

"आगं, पन..."

"खनू नका म्हनलं हुतंत. पानी वतू नका, असं कवा म्हनलं हुतंत? म्हनलं असंल तर सांगा, आमी बादल्या ठेवतो."

 सगळी ओळ म्हाताऱ्याकडं बघत होती. त्यानं काठी एका झुडपाला टेकवून ठेवली, टोपी काढून वर ठेवली आणि म्हणाला, "एक बादली हिकडं द्या. माज्या हातात काठी बरी दिसत न्हाई."

बायकांनी अशी काही आरोळी ठोकली की रानातले पक्षी उडाले.

बादल्या भरून ओळीनं ठेवल्या. एनोकीनं लांब वाशानं निखारे उधळून बाजूला लोटले. खाली खडक राखाडी, पांढुरका पडला होता.

"समद्या मागं सरा. वता आन् पळा!"

पाणी पडलं. आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसती वाफ. वाफेत माणसं दिसेनात. आणि मग बंदुकीसारखा आवाज झाला. एक. मग दुसरा. मग तडतडतड, कढईत मका फुटावा तसा. एक कपचा उडून म्हाताऱ्याच्या टोपीला जाऊन लागला आणि टोपी दरीत गेली. वाफ विरली तेव्हा कातळावर या कडेपासून त्या कडेपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती.

युस्ता तिथं जाऊन गुडघ्यावर बसली. तिनं भेगेत बोटं घातली. दगड अजून पोळत होता. तिनं बोटं काढली नाहीत.

"गेली माजी टोपी," न्यागावा म्हणाला.

"बरं झालं," अतुपेले म्हणाली. "त्याच टोपीतनं ही काडी निघाली हुती."

तिथून पुढं पहार चालली. भेगेत पाचर, पाचरीवर घण, मग पहार. ढलपा उचकटला, की युस्ता तो छातीशी धरून काठावर न्यायची आणि दरीत लोटायची. खाली दणका ऐकू आला, की एनोकी म्हणायचा, "एक कमी झाला." मग परत जाळ, परत पाणी. थप्पी संपत आली. युस्ताच्या हातांना आता फोड येत नव्हते, कातडंच जाड झालं होतं. एनोकी रोज उतरायचा. बूड घासत उतरायची लाज त्याला पहिल्या दिवशीच काय वाटायची ती वाटून गेली होती. उलट उतरताना कुणी भेटलं तर म्हणायचा, "वाट सोडा, गाडी आली."

शेवटचा ढलपा मोठा होता. युस्ता पहारेवर पूर्ण अंगानं लोंबकळली, तरी हलेना. एनोकी सरकत तिच्याजवळ आला, चांगला पाय खडकाला रोवला आणि पहारेला हात घातला. दोघांनी एकदम दाब दिला. ढलपा कण्हल्यासारखा झाला, फिरला, आणि गेला. खालून दणका यायला वेळ लागला. आला तेव्हा दोघंही चिखलात उताणी पडली होती. एनोकी हसत होता. तिनं त्याला वर्षभरात असं हसताना बघितलं नव्हतं. तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिला एवढं रडू आलं की त्यानं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, दुखऱ्या.

किबोनानं येऊन दोरी लावली, उतार मोजला आणि म्हणाला, "बरोबर." तेवढंच म्हणाला, पण त्यानं दोघांचे हात हातात घेतले.

पाणी सोडायच्या दिवशी पाटाच्या तोंडच्या दारापाशी सगळं गाव जमलं. न्यागावाच्या डोक्यावर नवी टोपी होती. दार उचलायचा दांडा कुणी फिरवायचा, यावर आदल्या दिवशी बरीच भाषणं झाली होती. पंच म्हणाले पंचांनी, पाद्री म्हणाले देवाच्या माणसानं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आता नुसतं एवढंच म्हटलं, "नीमाची आई, म्होरं ये."

तिनं दांडा फिरवला. दार वर उचललं गेलं. लुहाजीचं पाणी आधी बिचकलं, मग लाल माती पुढं ढकलत पाटात शिरलं. पोरं ओरडत त्याच्याबरोबर पळू लागली. मोठी माणसंही पळू लागली. जो तो आपल्या तुकड्यापर्यंत पळायचा आणि पाणी तिथून गेलं की नाचायचा. "गेलं! माज्यातनं गेलं!" वळणावर पाणी काळ्या कातळाच्या दोन भिंतींमधून गेलं, तिथं त्याला ढकलायला माती नव्हती. फेसाळलं, चमकलं आणि पुढं गेलं. युस्ताही पळत येऊन तिथं उभी राहिली होती. तिनं काही आरोळी दिली नाही. नुसतं, "जा," म्हणाली.

खाली चाकघरात पहिल्यांदा गुरगुर झाली, मग घुमणं, मग एकसारखा सूर. किबोनानं खटका ओढला. शेजारच्या छपरात गिरणीचा पट्टा फिरू लागला. पहिलं पोतं कुणाचं, हे कुणी विचारलंच नाही. अतुपेलेनं युस्ताचा मका उचलून गिरणीच्या तोंडात ओतला. खाली पीठ पडू लागलं, पांढरं, ऊन. युस्तानं दोन्ही हात पुढं केले आणि ते हातांवर घेतलं. मग ओंजळ भरून तिनं ते एनोकीच्या डोक्यावर, तोंडावर, मिशांवर उधळलं. बायकांनीही गलका करत पीठ उधळलं आणि घडीभर त्या छपरात कोण कोण आहे ते ओळखू येईना. न्यागावाची नवी टोपीही पांढरी झाली.

बाहेर आले तेव्हा सांज झाली होती, धुकं उतरलं होतं. पाऊस आठवड्यावर आल्याची ती खूण. असल्या धुक्यात इहांगा नाहीसं व्हायचं. स्वतःच्या दारात उभं राहून शेजाऱ्याचं दार दिसायचं नाही. पण आज डोंगराच्या उतारावर पिवळे ठिपके होते. इथं एक, तिथं दोन, वर शाळेपाशी चार, दवाखान्यापाशी ओळीनं. घरं दिसत नव्हती, नुसते दिवे, आणि तरी प्रत्येकाला आपलं घर कळत होतं. 

"आपला कुठला?" एनोकीनं विचारलं.

युस्तानं बोट केलं. "त्यो. कडंचा. आत्या बटन दाबायला म्हनून घरी ऱ्हायलीय."

तेवढ्यात तो दिवा विझला. परत लागला. परत विझला, परत लागला.

"म्हातारी खेळत बसली," एनोकी म्हणाला, "जाळंल आता त्यो गोळा!"

आणि कुबडी टेकत तो चढणीला लागला, पिठानं पांढरा झालेला, कुणाचा खांदा न घेता. युस्तानं पिठाचं पोतं डोक्यावर घेतलं. आज तिला दोन डोंगर चालायचे नव्हते. घराचा दिवा समोरच दिसत होता. तरी एनोकीला गाठायला तिला भरभर पावलं उचलावी लागली.